मफलरचे दिवस

कापसाच्या गाड्या यायला लागल्या की आदिलाबादच्या हवेत काहीतरी बारीक, दिसेल न दिसेल असं तरंगू लागतं. मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या कडुलिंबांना पांढरे पुंजके लटकतात. विजेच्या तारांवर कापूस, शाळेच्या फाटकाच्या गजांवर कापूस. हजेरी घेताना एखाद्या मुलीच्या वेणीवरचा पुंजका मी चिमटीत धरून काढते आणि ती लाजून हसते. सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघते. गल्लीत कुणी ना कुणी पालापाचोळा पेटवून शेकत बसलेलं असतं.

यंदाही गाड्या आल्या. कपाटातून गरम कपडे काढताना वरच्या फळीवरचा तपकिरी मफलर अंगावर पडला. तो मांडीवर घेऊन मी बराच वेळ पलंगावर बसून राहिले.

मला थंडी फार आवडते, असं मी लहानपणापासून सगळ्यांना सांगत आले. लोकांना वाटतं, हुरडा, बोरं, ओल्या तुरीच्या शेंगा यांच्यासाठी आवडत असेल. तेही आवडतंच. पण थंडीत गळा झाकून घेतला तर कुणी कारण विचारत नाही. वर्षातले ते दोन-तीन महिने माझे असायचे.

माझी मान काळी होती. मी तशी सावळीच, पण मान त्याहून वेगळी. मागच्या बाजूला जाडसर, मखमलीसारखी काळी, घड्यांमध्ये रेघा पडलेल्या. पाहणाऱ्याला वाटावं, ही बाई आंघोळ करत नाही. आमचं गाव भीमपूरकडचं. वडील कापूस आणि सोयाबीन लावायचे, विहिरीजवळच्या तुकड्यात भाजी असायची आणि ती भाजी घेऊन आई आठवडी बाजारात बसायची. रविवारी सकाळी न्हाणीत बसवून ती माझी मान घासायची. बेसन, लिंबाची फोड आणि दोडक्याची वाळलेली जाळी. मान लाल व्हायची, पाणी लागलं की चरचरायची, आणि दोन दिवसांत पुन्हा होती तशीच काळी.

"लोक म्हणतीन, भाजीवालीची पोरगी हे, मातीतच लोळत असन," आई घासता घासता म्हणायची. "रोज तूच घासत जाय नं जोरानं. मळ सुटत कसा नाही?"

ती रागात नसायची. तिलाच लाज वाटत असायची. बाजारात तिच्या पुढ्यातली वांगी ओल्या फडक्यानं पुसून लखलखीत मांडलेली असत आणि मागे बसलेल्या तिच्या पोरीची मान अशी. शाळेत माझ्या मागच्या ओळीत बसणारी एक मुलगी एके दिवशी दप्तर उचलून दुसरीकडे जाऊन बसली. त्यानंतर मी शेवटच्या ओळीत, भिंतीला पाठ लावून बसायला लागले. मास्तरांना वाटलं, अभ्यासात लक्ष नाही.

मोठेपणी झाकायच्या तऱ्हा वाढल्या. बंद गळ्याचे ब्लाउज. खाली, मानेवर बांधलेला अंबाडा. आमच्याकडच्या उन्हाळ्यातही मी केस वर बांधले नाहीत. घामोळं उठायचं, पण केस मानेवरच. आणि सोबत वजन वाढत गेलं. अनू, माझी मुलगी, झाल्यावर तर ते थांबेचना. मी कमी खायचे, म्हणजे लोकांसमोर कमी खायचे. घरात कुणी नसताना ओट्यापाशी उभ्यानं खायचे. सकाळचा उरलेला भात, डब्यातला चिवडा, अनूनं ताटात टाकलेली पोळी. भूक अशी लागायची की हात थरथरायचे. ही भूक खरी आहे की मीच हावरट आहे, हे मला कधी कळलं नाही. हावरट आहे असंच मी धरून चालले होते.

मफलर पाहून आठवली ती थंडी काही वर्षांमागची. मी मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत शिकवते. दुपारची सुट्टी संपली होती, डबा खाऊन मी वर्गावर गेले, मुलांना शुद्धलेखन दिलं आणि खुर्चीत बसले. डोळे उघडले तेव्हा पूर्ण वर्ग गप्प बसलेला. एकही पोरगं हलत नव्हतं. पहिल्या बाकावरच्या मुलीनं ओठांवर बोट ठेवलेलं. तिनंच सगळ्यांना गप्प केलं होतं, मॅडमची झोप मोडू नये म्हणून. आणि दारात मुख्याध्यापक उभे.

ते तसेच मागे वळले. शाळा सुटल्यावर व्हरांड्यात थांबवून म्हणाले, "मॅडम, घरी काम जास्त पडून राह्यलं का?"

"नाही सर."

"मंग तब्येत दाखवून घ्या एकदा."

त्यांच्या बोलण्यात काळजी होती. मला मात्र ते 'मॅडम, खाणं आवरा' असंच ऐकू आलं. घरी आले आणि न्हाणीघरात नळ सोडून रडले. मुलांनी मला जपलं होतं, याचंच जास्त वाईट वाटलं.

ज्या डॉक्टरीणबाईंकडे गेले त्या तेलुगू. माझ्याशी हिंदी बोलायच्या, मधूनच तेलुगूत जायच्या. तपासायच्या खोलीत गरम होत होतं. त्यांनी सरळ सांगितलं, "मफलर काढा."

मी म्हटलं, थंडी वाजते.

"इथं?" त्या म्हणाल्या.

मी मफलर काढला. त्यांनी मागे येऊन केस बाजूला केले. परक्या माणसाची बोटं माझ्या मानेवर लागली ती लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच. मी डोळे मिटून घेतले. आता त्या विचारतील, रोज आंघोळ करता का.

"हे कधीपासून आहे?"

"लहानपणापासून. मी घासते, रोज घासते."

"घासू नका अम्मा. हा मळ नाही."

मग त्यांनी समोर बसून समजावलं. शरीर इन्सुलिन तयार करतं, पण शरीरच त्याचं ऐकत नाही, म्हणून ते आणखी तयार होत राहतं. त्यानं भूक वाढते, जेवल्यावर झोप येते, चरबी साठते आणि मानेची, काखेची कातडी अशी काळी, जाड होते. रक्त तपासलं तेव्हा शुगर अजून झाली नव्हती, पण वाट तीच होती. गोळी घ्यावी लागेल, आणि गोळीच्या जोडीला खाणं, चालणं, झोप, सगळं बदलावं लागेल.

हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. आयुष्यभर जो मळ म्हणून घासला तो मळ नव्हताच. पण त्या दिवशी खुर्चीत बसून मला नुसती लाज वाटत राहिली. मी शिकलेली, मुलांना विज्ञान शिकवणारी बाई. स्वतःच्या मानेबद्दल कुणाला विचारायचं धाडस मला झालं नव्हतं. आणि त्यांनी पुढे विचारलं, "दिवसभरात काय काय खाता, खरं सांगा," तेव्हा मी ओट्यापाशी उभं राहून खाल्लेलं सगळं गाळून सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. त्यांना कळलं असावं. त्या म्हणाल्या, "भूक लागते हा तुमचा दोष नाही. पण मला खरं माहीत पाहिजे."

मग मी सांगितलं. सांगताना खाली फरशीकडे बघत होते.

औषधाच्या दुकानात गोळ्या घेताना दुकानदार मोठ्यानं म्हणाला, "शुगर सुरू झाली का मॅडम?" मागे दोन ओळखीच्या बायका उभ्या होत्या. मी म्हटलं, आईसाठी आहेत. गोळ्या घरी आणून डाळीच्या डब्यामागे ठेवल्या. यांना, म्हणजे माझ्या मिस्टरांना, तेवढं सांगितलं होतं. ते वीज खात्यात आहेत, अंगानं वाळकुडे, कितीही जेवले तरी तसेच. त्यांच्यासमोर गोळी घ्यायचीही मला चोरी वाटायची.

गोळीनं पोट बिघडलं. पहिल्या आठवड्यातच. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, त्रास झाला तर फोन करा. पण असल्या गोष्टीचा फोन करायचा कसा? मी सोसत राहिले, आणि त्यातच उटनूरला शिक्षकांचं प्रशिक्षण निघालं. तिथं मी दिवसभर जवळजवळ काही खाल्लं नाही. परत येताना बस जंगलातल्या रस्त्याला लागली आणि पोटात कळ आली. मी सीटचा दांडा घट्ट धरला. घाम फुटला. शेवटी उठून कंडक्टरबाईजवळ गेले आणि कानात सांगितलं.

तिनं बस थांबवली. सगळी बस माझ्याकडे बघत होती. काही शिक्षक माझ्याच शाळेच्या भागातले होते. मी उतरले, सागाची पानं वाळून पडलेली होती, पाऊल टाकलं की कर्रकर्र वाजत. झाडी विरळ, आडोसा नव्हता. तेवढ्यात पाठीमागून एक म्हातारी उतरली. मी तिला ओळखत नव्हते. तिनं खांद्यावरची शाल दोन्ही हातांनी पसरून धरली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. "बस बाई," एवढंच म्हणाली. बसमधून कुणीतरी हसल्याचा आवाज आला, की मला तसं वाटलं, कोण जाणे.

परत चढताना मी कुणाकडे पाहिलं नाही. त्या म्हातारीचे आभारही मानले नाहीत. ती कुठे उतरली तेही मला आठवत नाही, कारण मी घरापर्यंत मफलरमध्ये तोंड घालून बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी गोळ्या बंद केल्या. यांच्या लक्षात आलं. मला न विचारता ते मला घेऊन दवाखान्यात गेले आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "मॅडम, हिला गोळीनं जुलाब होऊन राह्यले. लाजते, म्हणून सांगत नाही." मला वाटलं, जमीन फाटावी. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, जणू कुणी सर्दी सांगितली. त्यांनी गोळी बदलून सावकाश विरघळणारी दिली, जेवणासोबतच घ्यायला लावली, थोडीपासून सुरू करून हळूहळू वाढवली. काही दिवसांत पोट सावरलं. इतकं साधं होतं ते.

खाण्याचं म्हणाल तर काही मोठं केलं नाही. ताटात आधी भाजी आणि वरण, मग भाकरी, भात शेवटी आणि चमचाभर. चहातली साखर कमी करत करत बंद केली. डब्यात उसळ किंवा अंडी. उभ्यानं खायचं नाही, खायचं तर ताट घेऊन बसून, घरच्यांसमोर. हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. पहिल्यांदा चार वाजता सगळ्यांसमोर फुटाणे घेऊन बसले तेव्हा एकेक दाणा मोजत खाल्ला.

आणि चालणं. आदिलाबादच्या मैदानावर सकाळी सगळं गाव चालतं. तिथं मी जाणार नव्हते. मी जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, मागच्या गल्लीतून चालायचे, जिथं गाड्या रिकाम्या होण्याची वाट बघत उभ्या असतात आणि गाडीवान गोधडीत मुटकुळं करून झोपलेले असतात. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. हे म्हणाले, "मी येऊ का संग?"

"नको. तुमी आले की लोक पाहतेत."

"काय पाहतेत?"

मी चपला पायात सरकवल्या. त्यांच्या शेजारी मी कशी दिसते ते मला माहीत होतं. ते समजले की नाही, ठाऊक नाही. पण रोज मी परतायच्या वेळी ते फाटकाजवळ उभे असत, हातात कोमट पाण्याचा तांब्या.

वजन उतरायला लागलं, सावकाश. आधी बांगड्या सैल झाल्या, मग ब्लाउज. आणि मग लोक बोलायला लागले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकजण म्हणाली, "मॅडम, किती कमी झाल्या तुमी! काय खाऊन राह्यल्या, आमाले बी सांगा नं." दुसरी हळूच म्हणाली, "काही आजार त नाही ना?" शेजारच्या तेलुगू ताईंनी तांदळाच्या पिठाचे, चकलीसारखे तळलेले सकिनालू आणले होते, मी एकच उचलला, तर त्यांनी माझ्या पोटाकडे पाहून हसत डोळे मोठे केले. मी सगळ्यांना एकच सांगत होते, चालायला जाते.

मला वाटायचं, बारीक झाले की लाज जाईल. झालं उलटंच. जो तो कौतुक करू लागला तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं सगळ्यांनी सगळं पाहिलं होतं. कुणी बोललं नव्हतं इतकंच. मी भिंतीला पाठ लावून बसले होते तरी.

त्याच संक्रांतीला आई आली होती. वडील गेल्यापासून ती सणाला येते, चार दिवस राहते. एका सकाळी मी चालून परतले, तर न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता आणि आईचा. "हाल नको, हाल नको. मळ बसला हे किती. मायनं लक्षच देल्लं नाही."

मी दार ढकललं. अनू पाटावर बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. तिची मान लाल झाली होती. ती रडत नव्हती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. ती नजर मी ओळखली. तिच्या मानेवर फिकट काळी रेघ उमटायला लागली होती. मला ती दिसली नव्हती, कारण मानांकडे न बघण्याची सवय मीच लावून घेतली होती.

"आई, सोड तिले," मी म्हटलं.

"काऊन? पाह्य नं किती—"

"मळ नाही तो. माहाही नव्हता."

आईचा हात थांबला. अनूला टॉवेल गुंडाळून मी बाहेर पाठवलं. आई तशीच पाण्यात बसली, लुगड्याचा काठ भिजत होता. मी तिला सांगितलं, डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं होतं तसंच, आपल्या भाषेत. गोळ्यांचंही सांगितलं. ती ऐकत होती.

"म्हंजे तुले मी उगाच घासो," ती शेवटी म्हणाली.

"तुले माहीत नव्हतं."

"तू कधी म्हटलं नाही, दुखते म्हणून."

तिनं डोक्यावरचा पदर हळूच मागे केला. मी माझ्या आईची मान त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. बाजारात, शेतात, घरात तिच्या डोक्यावर कायम पदर असायचा, आणि मी समजायचे की ती जुन्या वळणाची आहे. "माही बी अशीच आहे," ती म्हणाली. "माह्या मायची बी होती."

आम्ही दोघी त्या ओल्या फरशीवर बसून राहिलो. बाहेरून अनूनं विचारलं, "आजी, झालं का?" तेव्हा उठलो.

आईला दवाखान्यात नेलं. तिला मात्र शुगर झाली होती, कधीपासूनची कोण जाणे. पायाला मुंग्या येतात, डोळ्यांपुढे धूसर होतं, हे तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आलात, अजून सावरता येईल. अनूला गोळी दिली नाही. तिला खेळायला पाठवा म्हणाल्या, बाटलीतली गोड पेयं बंद करा, आणि तिच्या वजनावर घरात कुणी बोलू नका. ती खोखो खेळायला लागली. केस वर बांधते, दोन वेण्या, लाल रिबिनी. मी तिच्या मानेकडे बघते, पण ती बघत नसताना.

हे सगळं झालं त्याला आता काही वर्षं लोटली. वजन उतरलं तेवढं सगळं टिकलं नाही. एका उन्हाळ्यात, यांची आई आजारी असताना, माझं चालणं सुटलं आणि काही वजन परत आलं. पुन्हा ओट्यापाशी उभी राहून खाल्लं, पुन्हा दवाखान्यात फरशीकडे बघत सांगितलं. गोळी चालू आहे. मान फिकी झाली आहे, गेली नाही. मैदानावर अजून मी जात नाही.

यंदा दिवाळीनंतरच्या एका रविवारी भीमपूरला गेले होते. वेचणी चालू होती. पाच-सहा बाया कमरेला कापूस भरायच्या फडक्याच्या ओट्या बांधून ओळी धरून पुढे सरकत होत्या. मीही हात चालवला, थोडा वेळ. बोंडाच्या टोकांनी बोटं खरचटली. दुपारी बाभळीखाली सगळ्या जेवायला बसल्या. आईनं फडकं सोडलं आणि भात वाढणाऱ्या बाईला म्हणाली, "मले शुगर आहे, भात नको वाढू. भाकरी दे." जसं कुणी सांगावं, मला वांगं आवडत नाही.

माझी गोळी पर्समध्ये होती. एरवी मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाजूला जाते. त्या दिवशी बाया दाटीनं बसल्या होत्या, उठले असते तर सगळ्यांना सरकावं लागलं असतं. मी गोळी काढली आणि तोंडात टाकली. शेजारच्या शेतातली इंदू, आमच्या गावची सून, नेमकी समोर होती.

"कायची गोळी व ते, मॅडम?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. माझे कान तापले. आईची आहे, असं इथं म्हणता येणार नव्हतं.

"माहं शरीर साखर बरोबर वापरत नाही," मी म्हटलं. "म्हणून वजन वाढते, मान काळी होते. त्याची गोळी आहे."

इंदूनं भाकरीचा तुकडा मोडला. "मंग आता कसं आहे?"

"बरं होऊन राह्यलं."

"मंग ठेचा घे नं. ठेच्याले त मनाई नाही?"

"मनाई नाही," मी म्हटलं. तिनं हिरव्या मिरचीचा ठेचा माझ्या भाकरीवर ठेवला आणि बाया यंदाच्या बोंडअळीवर बोलू लागल्या. मला वाटलं होतं, कुणीतरी निदान वळून बघेल. मागून ऊन थेट मानेवर येत होतं. पदर ओढून घ्यावासा वाटला, पण एका हातात भाकरी होती आणि दुसऱ्याला ठेचा लागला होता.